काकवीच्या रंगातला उंबरा

प्रिय इरा आणि ईशान,

इरा, हिवाळ्यात तू तुझ्या खिडकीबाहेरच्या बर्फाचं चित्र पाठवलं होतंस आणि विचारलं होतंस, "आजी, माझी जलरंगातली चित्रं झोपल्यासारखी का दिसतात? तुझी जागी कशी असतात?" सवडीने सांगेन, असं मी तेव्हा कळवलं. आता सवड झाली आहे. गेल्या आठवड्यात मी रंगपेटी धुऊन, पुसून, स्टुलावर चढून कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवली. तिथपर्यंत माझा हात पोहोचत नाही, म्हणून मुद्दाम तिथे ठेवली. ती पुन्हा काढायची इच्छा मला होईल असं वाटत नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते पेटीबरोबर कपाटात जाऊ नये. शिवाय ते उत्तर या शेवटच्या प्रवासात अडकलेलं आहे. म्हणून दोन्ही एकत्र, क्रमाने लिहिते.

कुमुदचं नाव तुम्ही ऐकलं आहे. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहायचो. मी इंग्रजीची, ती चित्रकलेची. पुढे ती बारामतीला शाळेत ड्रॉइंगची शिक्षिका झाली आणि जळोचीत राहिली. मला जे काही काढता येतं ते तिने शिकवलेलं आहे. "नुसतं पाणी आणि रंग म्हणजे अळणी आमटी," ती म्हणायची. "त्यात काहीतरी दुसरं पडलं पाहिजे. शाई, मेण, खडू, कोळसा. दोन वस्तूंचं एकमेकींशी पटत नाही, तिथे चित्र जागं होतं."

मे महिन्यात तिच्या सुनेचा, सुनंदाचा, फोन आला. मधुमेहामुळे कुमुदच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त उतरलं होतं. गेलेलं परत येणार नाही, आणि आहे ते किती महिने राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग कुमुदने फोन घेतला. "विमल, अजून उजेड-सावली कळते. तेवढ्यात ये. एक चित्र काढून हवंय."

मोरगाव

मी सकाळच्या एसटीने निघाले. सामान मोजून घेतलं होतं: जाड कागदाची वही, रंगाच्या बारा ट्यूबा, टाक आणि पक्क्या शाईची बाटली, दोन मेणबत्त्या, रंगीत पेन्सिली, मीठ, जुनं फडकं. मोरगावला गाडी थांबली आणि चालक-वाहक चहाला उतरले. स्टँडबाहेर लिंबाखाली शेळ्या बसल्या होत्या. मागे नांगरून ठेवलेलं कोरडं रान, त्यात एकही हिरवी काडी नाही. मी बाकावर बसून वही उघडली. पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती, म्हणून कपातला उरलेला चहा वापरला.

इरा, हे लक्षात ठेव: आधी पक्क्या शाईने रेघा, त्या वाळल्या की वर चहाचा हात. रेघ हलत नाही आणि चहा तिच्याभोवती हवा तसा पसरतो. मोरगावच्या मातीला चहापेक्षा बरा रंग कुठल्या ट्यूबमध्ये नाही.

शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई मांडीवर भाजीची पाटी घेऊन बसली होती. ती वाकून बघत होती.

"आज्जी, त्या करडाला तीनच पाय काढलं व्हय?"

"चौथा मागे गेलाय, दिसत नाही."

"आता मागं गेला आसंल, पर ते उठंल कसं? लंगडत जाईल की घरला!"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले आणि गडद तपकिरी पेन्सिल काढून चौथा पाय जोरात ओढला. तेवढ्या एका पायावर ते सगळं फिकट चित्र उभं राहिलं. बाई म्हणाली, "हां, आता चालंल." आमच्या पुण्यात लोक चित्रकाराच्या मागून बघतात आणि काही न बोलता निघून जातात. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो.

संपूर्ण प्रवासात मी मोकळेपणाने हसले ती हीच वेळ.

जळोची

जळोची ओळखू येत नव्हती. पूर्वी बारामतीहून यायचं तर मध्ये शेतं लागायची. आता शहर संपलं कुठे आणि जळोची लागली कुठे, ते रिक्षावाल्यालाही सांगता आलं नाही. कुमुदच्या घरामागे मात्र रान आहे. तिचा मुलगा आणि सुनंदा तिथे पांढऱ्या जाळीखाली ढोबळी मिरची करतात.

कुमुद दारात खुर्चीवर बसली होती. पूर्वेचं दार, सकाळी तिथे ऊन येतं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला नाही, तसलं काही केलं नाही. म्हणाली, "आलीस? बस. काय काढलंस वाटेत ते दाखव." वसतिगृहातही ती असंच म्हणायची.

मी मोरगावचं पान तिच्यापुढे धरलं. तिने वही नाकाजवळ नेली, डावीकडे तिरकी केली, उजवीकडे केली.

"हे काय गं? एक काठी काढलीस?"

शेळ्या, लिंब, बाक, नांगरलेलं रान, यातलं तिला काहीच दिसलं नव्हतं. दिसला तो फक्त चौथा पाय. मी म्हणाले, "हो, काठीच आहे." आणि वही मिटली.

मग तिने काम सांगितलं. कुमुदचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होतं. उजनीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. लोक उठले तेव्हा ती सासरी होती, मुलगा पोटात होता, म्हणून तिला निरोप घ्यायला जाता आलं नाही. एखाद्या कोरड्या वर्षी मेअखेर पाणी खूप ओसरतं, देऊळ वर येतं, आणि त्याहून कमी झालं तर घरांची जोतीही. या वर्षी ती उघडी पडली होती.

"शिखराचे फोटो सगळा जिल्हा काढतो," ती म्हणाली. "मला आमच्या घराचा उंबरा पाहिजे. दगडी आहे. दीपमाळेपासून नदीकडे चोवीस पावलं. दर कोरड्या साली म्हटलं, पुढच्या साली जाऊ. आता मी येऊन काय करू? मला चिखल आणि पाणी एकच दिसणार. फोटोही नको, त्या मोबाइलची काच मला नुसती चकाकते. तू गडद काढ, मोठं काढ. पांढरं पांढरं, काळं काळं. मला दिसेल असं काढ."

"दिसेल," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

संध्याकाळी रंग तपासले तर ट्यूबा आत वाळून खडा झालेल्या. वर्षभर मी त्यांना हात लावला नव्हता. खडे पाण्यात चुरले तर रंग फिका आणि भुसभुशीत येई. कुमुदला हवा होता तसा गडदपणा त्यातून निघेना. माझ्याकडच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचल्याचं आठवलं, की रंगात मधाचा थेंब घातला की तो मऊ राहतो आणि खोल, चमकदार दिसतो. मी सुनंदाला मध मागितला.

"मध न्हाय मावशी. काकवी हाय. सांगवीच्या गुऱ्हाळावरची."

उसाचा रस गूळ होण्याआधी मधासारखा दाट होतो, ती काकवी. सुनंदाने बरणी आणली. स्वयंपाकघरात ती पाण्याने भरलेल्या परातीत उभी करून ठेवलेली होती. मी ते पाहिलं, मला ते आवडलंही. किती साधी, नीटस युक्ती, असं मी मनात म्हटलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर परातीतल्या बरणीचं छोटं रेखाटनही केलं. ती युक्ती कशासाठी आहे याचा विचार मात्र केला नाही.

काकवी रंगात अशी मिसळली की काय सांगू! तपकिरी रंग नुसता तपकिरी राहिला नाही, त्याला आतून उजेड आला. कुमुदने वाटी नाकाजवळ धरली. "विमल, हा रंग खावासा वाटतोय," ती म्हणाली. आम्ही दोघी चाळीस वर्षांनी लहान झालो होतो.

पाण्यातलं गाव

इंदापूरला उतरून पुढे रिक्षा आणि मग काठ. काठावर एक वयस्कर नावाडी जाळं उलगडत होते. लोक त्यांना आबा म्हणत होते, मीही म्हणाले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. वही, पिशवी, छत्री.

"कुणाच्यात जायचं?"

समोर मैलभर पाणी, मध्ये चिखलाचा एक पट्टा, त्यावर काळं देऊळ. आणि हा माणूस मला विचारत होता, कुणाच्या घरी जायचं. मी म्हणाले, "जळोचीच्या कुमुदताई, ड्रॉइंगच्या बाई. त्यांच्या वडिलांचं घर."

"म्हंजी मास्तरांची कुमी! आवं, मग आधी सांगायचं न्हाय का? बसा. मधी बसा, छत्री मिटा, न्हायतर वाऱ्यानं पार सोलापूरला जाल."

वाटेत ते एकेक सांगत गेले. हितं पार होता, हितं लोहाराचा भाता, हितं आमचं दार हाय. नावेखाली नुसतं पाणी होतं. वर्तमानकाळ आणि भूतकाळ त्यांच्या बोलण्यात सारखे बदलत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

पट्ट्यावर उतरलो. चिखल वाळून भेगाळला होता, ताटाएवढ्या खपल्या उचकटल्या होत्या. दीपमाळेचा निम्मा भाग शिल्लक होता. आबांनी पावलं मोजली. चोवीसला काही नव्हतं. तिसाव्याला एक जोतं होतं, गुडघाभर, आत चिखल भरलेला, आणि पुढे एक लांब दगड, मधोमध झिजलेला.

"कुमी सारखी पळत यायची, तिची पावलं लांब पडायची," आबा म्हणाले. "हाच."

"नक्की?"

"नक्की म्हंजी? हितं बसून मार खाल्लाय मी मास्तरांचा. पाढं येत न्हवतं."

मग त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याच्या बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत चिखलात पाऊल टाकलं. भिंत नाही, छप्पर नाही, चाळीसेक वर्षं त्या घरात मासे राहिले. "काढा की तुमीबी," ते म्हणाले. "घर हाय त्ये." मीही चपला काढल्या.

आता इरा, तुझं उत्तर. मी त्या दिवशी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण त्याहून चांगलं चित्र मी कधी काढलं नाही.

सर्वांत आधी मेणबत्ती. जलरंगात पांढरं शेवटी देता येत नाही, ते आधीच राखून ठेवावं लागतं. जिथे उजेड हवा तिथे कोऱ्या कागदावर मेणबत्ती दाबून फिरवायची, मग वरून कितीही रंग ओत, तिथे तो ठरत नाही. मी तीन जागा राखल्या: पाण्याची कड, शिखराची उन्हाकडची बाजू, आणि उंबरा. उंबऱ्यावर मेण दोनदा दिलं, जोर देऊन, कारण तोच तिला दिसायला हवा होता.

मग काकवीचा तपकिरी, भरपूर. ओला असतानाच चिखलाच्या जागी मीठ टाकलं. मिठाचा प्रत्येक कण भोवतीचा रंग ओढून घेतो आणि वाळताना भेगांसारखी नक्षी उमटते. टाकाची रेघ बारीक पडू लागली तेव्हा आबांनी काठचा बोरू तोडून चाकूने तासून दिला. त्याने शाईची रेघ जाड, खरखरीत आली. देवळाच्या दारातल्या काळोखाला आबांनी नावेत ठेवलेल्या चुलीतला कोळसा. आणि शेवटी त्या घरातलाच चिमूटभर चिखल पाण्यात कालवून जोत्यावर बोटाने लावला.

दुपारी आबांनी डबा उघडला. बाजरीची भाकरी, धरणातली तळलेली चिलापी मासळी, लसणाचा ठेचा. आम्ही उंबऱ्याच्या आत बसून जेवलो. चिलापीला काटे कमी आणि गोडसर चव. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तर आबा म्हणाले, "पुन्याची माणसं तिखटाला भ्यात्यात, पर हितवर एकटी येत्यात. कमालच हाय."

त्यांनी चित्र लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"आमचं गाव भिजल्यालं दिसतंय. फोटोत वाळल्यालं दिसतं."

मी विचारलं, "अजून किती दिवस राहील हे असं उघडं?"

"वर घाटात पाऊस लागला की संपलं. आठ दीस म्हना, न्हायतर चार."

परत जळोची

मी पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. त्या उजेडात कुमुदला काहीच दिसत नाही. सकाळी पूर्वेच्या दारात बसून बघू, असं दोघींनी ठरवलं. रंग अजून बोटाला चिकटत होता, काकवीमुळे तो वाळायला तयार नव्हता. म्हणून मी वहीतून पान सोडवून बाहेरच्या खोलीत टेबलावर उताणं ठेवलं. फोटोही सकाळच्या उजेडात काढू म्हटलं. झोपेपर्यंत कुमुद विचारत होती, "उंबरा झिजलाय का गं? मधेच ना? आईची बसायची जागा ती." मी सगळं सांगत होते, पण थोडं राखूनही ठेवत होते, सकाळसाठी.

पहाटेनंतर सुनंदाच्या ओरडण्याने जाग आली. मी बाहेर येईपर्यंत ती ओल्या फडक्याने टेबल पुसत होती.

"मुंग्या, मावशी! लाल मुंग्या! सगळा कागुद भरला हुता, आन् मी..."

भाकरीच्या टोपलीवर चढलेल्या मुंग्या जशा पुसतात, तशा तिने त्या पुसल्या होत्या. दोन-तीन हातांतच. काकवीने ओला राहिलेला रंग फडक्याबरोबर निघून आला होता. देऊळ नाही, दीपमाळ नाही, चिखलाच्या भेगा नाहीत, काकवीच्या थरावर ओढलेल्या बोरूच्या पक्क्या रेघाही रंगाबरोबर गेल्या. मुंग्यांनी कुरतडलेला, तपकिरी डागांचा एक कागद. फक्त मेणावरून फडकं घसरलं होतं.

सुनंदा रडत होती. "परातीत ठेवलं असतं तर... मला कुठं ठावं, रंगात काकवी ऱ्हाती आशी."

तिची काहीच चूक नव्हती. परात माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिचं चित्रसुद्धा काढलं होतं. साठ वर्षं पुस्तकं वाचून मला एवढं कळलं नाही, जे त्या घरातल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं.

कुमुद आतून म्हणाली, "काय झालं? ऊन आलं का?"

मी ते पान तसंच घेऊन तिच्याकडे गेले. खोटं बोलायचा विचार आला होता. दुसऱ्या पानावर भराभर काहीतरी काढावं आणि हेच ते म्हणावं. पण तिचे डोळे गेले होते, तिचा हात नाही. पान तिच्या मांडीवर ठेवलं आणि झालं ते सांगितलं. तिने कागद नाकाजवळ नेला. डावीकडे, उजवीकडे. ऊन पूर्ण तिच्यावर होतं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मातीसारखं काहीतरी."

मग अंगठा फिरवू लागली. तिसऱ्या रेघेवर थांबली.

"हे काय? जाड आहे."

"उंबरा."

अंगठा त्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "मधे खोल नाही लागत," ती म्हणाली.

"मेणात खोल दाखवता येत नाही, कुमुद."

"हो. नाही येत." शिक्षिका होती, तिला ठाऊक होतं.

मी पुन्हा जाणार होते, त्याच दिवशी. सुनंदा म्हणाली, एक दिवस थांबा, मी सोबत येते. मी थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर आबांचा फोन आला. काठावर मी त्यांना तिचाच नंबर लिहून दिला होता.

"बाई, येऊ नगा. वर लागलाय. सकाळधरनं पाणी चढतंय. मास्तरांचं घर गेलं. शिखर तेवढं दिसतंय."

मी कुमुदला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या साली." पुढच्या साली पाणी ओसरेलही. तिला त्याचा उपयोग नसेल.

घरी येऊन मी आठवणीतून तीनदा काढून पाहिलं. देऊळ येतं. उंबऱ्याची झीज येत नाही, कुठल्याही दगडाची वाटते. चौथ्यांदा काढलं नाही, पेटी धुऊन वर ठेवली. सुनंदा फोनवर सांगते की आता कुमुदला सकाळचं ऊनसुद्धा अंगालाच कळतं.

इरा, तुला हवं असलेलं उत्तर वर आलेलं आहे. मेण आधी, रंग मग, शाई त्यानंतर, आणि गोड काहीही नको. यातलं मला सगळं आलं, शेवटचं सोडून.

तो कागद कुमुदच्या उशाशी आहे. त्यावर मेणाच्या तीन रेघा आहेत. पहिली पाण्याची, दुसरी शिखराची, तिसरी उंबऱ्याची. तिसरी बोटाला लागते.